करवत्याचा डबा

तीन दिवस आभाळ गळत नव्हतं की उघडत नव्हतं. हवा इतकी कोंदट होती की दगडाची भुकटी उडून जायची सोडून मानेवर, पापण्यांवर, चहाच्या कपाच्या काठावर चिकटून बसायची. दगडाच्या कारखान्यात सकाळी आठलाच दोन्ही यंत्रं सुरू झाली होती. एकावर जिन्याच्या पायऱ्या निघत होत्या. दुसऱ्यावर करवत्या एका घरच्या ओट्याला सिंकचं भोक पाडत होता. काळा दगड, दोन बोटं जाड. अंगावर रबरी एप्रन, पायात गमबूट, पात्यावर पाण्याची धार. तीन बाजू लोण्यासारख्या कापल्या गेल्या आणि चौथीच्या अगदी शेवटी दगडानं दगा दिला. कोपऱ्यातून केसाएवढी भेग निघाली ती थेट काठापर्यंत.

"अरे तुझ्या..." करवत्यानं पुढचं पाण्याच्या धारेत सोडून दिलं आणि यंत्र बंद केलं. "पाती आणता का पत्र्याचे तुकडे?" हे मालकांच्या खोलीकडे तोंड करून.

मालक बाहेर आले, भेगेवरून बोट फिरवलं. "या महिन्यातला दुसरा."

"मग पाती बदला."

"बदलली की. याच महिन्यात दोनदा."

"मग दगड बदला. खाणवाले पोकळ माल गळ्यात मारतात, आणि तुम्ही घेता."

मालक खोलीत परत गेले. पस्तीस वर्षं टिकलेल्या माणसाशी मालकही जपून बोलतो. सतराव्या वर्षी करवत्या इथे आला तेव्हा त्याचं काम पाण्याची नळी धरायचं होतं. करवत्या हे नाव त्याला इथल्याच लोकांनी लावलं, आणि ते असं चिकटलं की लग्नात सासऱ्यांनीसुद्धा त्याच नावानं ओळख करून दिली. त्याची ख्याती होती ती कानाची. पातं दगडात शिरलं की एक सूर लागतो, आणि दगड फुटायच्या आधी तो सूर किंचित चढतो. तो चढ ऐकून हात मागे घ्यायचा. बाकीचे डोळ्यांनी कापायचे, करवत्या कानांनी. म्हणून मालकांनी कधीकाळी आणून दिलेले जाड कानटोप वीस वर्षं खिळ्याला लटकत होते. "कान झाकून दगड कापायचा म्हणजे डोळे बांधून दाढी करायची," असं तो नव्या माणसांना सांगायचा, आणि नवी माणसं मान डोलवायची.

पण आज त्याचं पित्त खवळलं होतं ते दगडावरून नव्हे. काल संध्याकाळी सलूनवाल्याचा फोन आला होता.

सलूनवाला गायचा. शाळेतून निवृत्त झालेल्या बाई अकॉर्डियन वाजवायच्या. करवत्या गिटार. तरुणपणी तो एका लग्नाच्या ऑर्केस्ट्रात होता, मग संसार लागला आणि गिटार कपाटावर गेली. लेक कमावती झाल्यावर त्यानं ती खाली काढली, नव्या तारा चढवल्या, आणि तीन वर्षांपूर्वी हे तिघं जमले. वाढदिवस, छोटी हॉटेलं, वृद्धाश्रमाचं अंगण, जिथे बोलावतील तिथे. आता तळ्याकाठच्या कॉफीच्या दुकानानं दर रविवारी दुपारचं बोलावणं दिलं होतं. आठवडाभर भुकटी गिळून झाल्यावर रविवारचे ते दोन तास म्हणजे करवत्याच्या दृष्टीनं जगणं होतं. बाकीचं नुसतं कापणं.

आणि सलूनवाला फोनवर म्हणाला, "हे बघ, रागावू नकोस. कॉफीवाली म्हणते गिटार टोचते. मागच्या रविवारी दोन टेबलं उठून गेली. या रविवारी शेवटचं बघणार. नाहीतर मी आणि बाई, दोघांनीच यायचं."

"टोचते म्हणजे? सुई आहे का ती?"

"तुझा डबा रे! तो डबा संपलाय. नवा घे. छोटासा. घरी चालेल, इथेही चालेल असा."

डबा म्हणजे गिटारचा अॅम्प्लिफायर. बुडालेल्या ऑर्केस्ट्राकडून उचललेला, लहान फ्रिजएवढा. तो घरात लावला की खालच्या मजल्यावरची, रात्रपाळी करून दिवसा झोपणारी नर्स काठीनं छताला ढुशा द्यायची. बायको तक्रार करायची नाही. ती कानात कापूस घालून बसायची. "वाऱ्यानं कान दुखतो माझा," म्हणायची.

तो दिवस शुक्रवार, आणि शुक्रवारी कारखाना दुपारी सुटायचा. लेकीलाही शुक्रवारची सुट्टी असायची. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायला बसायची. दोघं गिटार घेऊन वाद्यांच्या दुकानात गेले.

दुकानदार करवत्याच्याच वयाचा, जाडजूड, चष्मा कपाळावर चढवलेला. एके काळी स्वतः वाजवणारा असावा, कारण गिटार हातात घेतल्याबरोबर त्यानं न बघता तारा जुळवल्या.

"पन्नास वॉटचा दाखवा," करवत्या म्हणाला.

"कुठे वाजवणार?"

"घरी. दोन खोल्या. आणि एका कॉफीच्या दुकानात, पंचवीसेक माणसं."

"मग पन्नास वॉट घेऊन काय लढाईला जायचंय? मोठा डबा घरात एकवर ठेवलात तर घसा बसल्यासारखा बोलतो, दोनवर नेलात तर शेजारी भांडायला येतात. वॉटच्या मागे लागू नका, स्पीकर बघा. वीस वॉट, दहा इंची स्पीकर. कमी आवाजातही भरून बोलतो. हेडफोनचं भोक आहे, म्हणजे घरी रात्रंदिवस वाजवा, कोणाच्या बापाला कळणार नाही. आणि कधी मोठी जागा मिळाली तर मागून वायर काढून तिथल्या स्पीकरला जोडायची."

बोलणं सरळ होतं. म्हणूनच करवत्याला ते पटलं नाही. गोड बोलणाऱ्या दुकानदारापेक्षा सरळ बोलणारा जास्त खपवतो, असं त्याचं मत होतं.

त्यानं वीस वॉटचा लावला. दोन ओळी वाजवल्या आणि हात ट्रेबलच्या, म्हणजे बारीक टोकदार सुरांच्या, बटणाकडे गेला. बटण उजवीकडे शेवटपर्यंत फिरलं. "हा दबका आहे. तोंडावर उशी ठेवल्यासारखा."

दुकानदारानं दुसरा दिला. त्याचंही ट्रेबल शेवटपर्यंत. "हा पण."

तिसरा बॅटरीवर चालणारा, टिफिनएवढा. "हा तर मेलाच आहे." चौथा व्हॉल्व्हचा, आतमध्ये काचेच्या नळ्या लाल होणारा, दुकानातला सगळ्यात महाग. "याच्यात काय आहे एवढं? आवाज पुढे येतच नाही."

पलीकडे ड्रमच्या काठ्या बघणारी एक बाई कानांवर हात ठेवून बाहेर निघून गेली. दुकानदाराच्या मानेची शीर उडायला लागली.

"साहेब, ट्रेबल तुम्ही पूर्ण उघडलाय. याच्या पुढे भिंत आहे. अजून कुठून आणू मी? माझ्या खिशातून?"

"म्हणजे मला कळत नाही?"

"मी तसं म्हणालो का?"

"तोंडानं नाही म्हणालात. रद्दी माल मांडून ठेवलाय आणि गिऱ्हाइकाला शिकवता!"

"रद्दी? अहो, या डब्यावर लोक..."

"बाबा," लेक मध्ये पडली. "जरा भिंतीकडे तोंड करा."

"का? अंगठे धरून उभा राहू का?"

"करा हो. आणि मघाची तीच ओळ वाजवत राहा. तेवढीच."

चष्म्याच्या दुकानात तिला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवली होती. माणसाला 'दिसतंय का' असं कधी विचारायचं नाही. माणूस हो म्हणतो. अभिमानानं म्हणतो, सवयीनं म्हणतो, घाईनं म्हणतो. दोन काचा पुढे-मागे धरायच्या आणि विचारायचं, पहिली बरी की दुसरी.

करवत्या भिंतीकडे तोंड करून वाजवायला लागला. लेकीनं ट्रेबलचं बटण पार डावीकडे, शून्यावर आणलं.

"हे पहिलं." मग तिनं तेच बटण पार उजवीकडे नेलं. दुकानदारानं डोळे मिटून घेतले. "हे दुसरं. कुठलं बरं?"

"काय बदललंस?"

"तुम्ही सांगा."

"काही नाही बदललंस. दोन्ही तेवढेच दबके."

"पुन्हा ऐका. हे पहिलं... हे दुसरं."

"अगं, सारखंच आहे! खेळ लावलाय का माझा?"

तिसऱ्यांदा तिनं विचारलंच नाही. करवत्यानं वळून पाहिलं तेव्हा बटणावर तिची दोन बोटं तशीच होती आणि दुकानदारानं कपाळावरचा चष्मा खाली ओढून डोळ्यांवर घेतला होता, मघाशी भांडताना होता तो चेहरा आता त्याच्याकडे नव्हता.

"काम काय करता, साहेब?" त्यानं हळूच विचारलं.

"दगड कापतो."

"हं," दुकानदार म्हणाला. तेवढंच म्हणाला. आणि त्या हुंकारावर करवत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

गिटार पिशवीत कोंबून तो रस्त्यावर आला. मग फुटपाथवर, सायकलींच्या गर्दीत, गिटार पाठीवर घेऊन तो लेकीवर ओरडला. "कधीपासून माहीत होतं तुला?"

"बाबा, लोक बघतायत."

"बघू देत! कधीपासून?"

"वाटत होतं. टीव्हीचा आवाज वाढवता तुम्ही. दाराची बेल वाजली तरी बसून राहता. दोनेक वर्षं झाली असतील."

"दोन वर्षं! आणि तुझ्या आईच्या कानाला वारा लागतो तो?"

लेक चपलेचा पट्टा नीट करायला वाकली.

"बोल ना! वारा लागतो की नवरा लागतो?"

"बाबा, तुम्हाला सांगायचं कोणी? परवा साधं म्हटलं की चहात साखर जास्त झाली, तर तुम्ही कप आपटलात."

"मग आपटू द्यायचा! कप फुटला असता, दुसरा आणला असता. तुम्ही सगळ्यांनी मिळून मला खुळा बनवलंत. मी आपला ट्रेबल पिळतोय, आणि लोक दात आवळून टाळ्या वाजवतायत!"

तो तिला तिथेच टाकून निघाला. पाय कुठे नेतायत याचा त्यानं विचार केला नाही, पण पायांना माहीत होतं. अर्ध्या वाटेवर त्याला ओट्याचा काळा दगड आठवला. या महिन्यातला दुसरा. त्या आधीच्या महिन्यातला एक. गेल्या वर्षीचा तो पांढरा, मोठा, ज्यासाठी मालकांनी चार दिवस तोंड फिरवलं होतं. प्रत्येक वेळी त्यानं पात्याला शिव्या घातल्या होत्या, खाणवाल्यांना घातल्या होत्या. पाती बदलली, खाण बदलली, भेगा चालूच. सूर चढत होता. दगड बिचारा ओरडून सांगत होता, आणि इकडे ऐकणाराच जागेवर नव्हता.

पुलाच्या कठड्यावर वाकून त्यानं कान दिला. खाली पाण्याचा आवाज येत होता. येत होता तेवढा येत होता. मग तो सलूनमध्ये शिरला.

सलूनवाल्याच्या खुर्चीत एक गिऱ्हाईक तोंडभर फेस लावून मागे रेललं होतं. वस्तरा गालावर होता.

"डबा संपलाय काय रे माझा?" करवत्या दारातूनच म्हणाला.

सलूनवाल्यानं आरशात त्याचं तोंड बघितलं आणि वस्तरा बाजूला घेतला. "कळलं तर."

"कळलं! दुकानदारासमोर कळलं, लेकीसमोर कळलं! भिंतीकडे तोंड करून उभा होतो मी, शिक्षा झाल्यासारखा. तू तीन वर्षं शेजारी उभा राहून गातोस. तुला एक शब्द बोलता आला नाही? आणि वर त्या डब्याच्या गळ्यात बांधलंस!"

"सांगितलं असतं तर तू गिटार पुन्हा कपाटावर टाकली असतीस. ओळखतो मी तुला."

"टाकली असती तर टाकली असती! माझी गिटार, माझं कपाट!"

"आणि मग मी कोणाबरोबर गाऊ? बाईंच्या भात्याबरोबर?"

"ते तू बघ!"

"अहो," फेसातून गिऱ्हाईक म्हणालं, "भांडा सावकाश, पण हा गाल वाळला."

"वाळू दे!" दोघंही एकदम म्हणाले.

सलूनवाल्यानं वस्तरा पुसला. त्याचाही आवाज आता चढला होता. "मला राग येत नाही असं वाटतं का तुला? दर रविवारी घरी गेल्यावर डोकं धरून बसतो मी. तू वाजवतोस चांगलं, आणि ऐकू येतो नुसता पत्रा. तुझी बोटं कुठे जातात ते फक्त मला दिसतं, कारण मी शेजारी असतो. समोरच्याला काय, कानात खिळा. किती वेळा तोंडाशी आलं. पण तू एवढा नाकावर राग घेऊन हिंडतोस की तोंड उघडायची हिंमत होत नाही. म्हटलं, डब्यावर ढकलू. डबा तरी उलटून बोलत नाही."

करवत्यानं दाराशेजारचं स्टूल पायानं बाजूला केलं. समोरच्याचं खरं असलं की त्याला अजून राग यायचा. कानटोप खिळ्याला कोणी टांगले होते, हे त्याला कोणी विचारलं नव्हतं, आणि हाच त्या दिवसातला सगळ्यात मोठा संताप होता. मालकांनी दिले नसते तर मालकांना धरता आलं असतं. मालकांनी दिले होते. वर दोनदा आठवण करून दिली होती.

"रविवारी येणार की नाही?" सलूनवाल्यानं विचारलं.

"येणार. पण आजपासून जे काय असेल ते तोंडावर. माझ्या पाठीमागे कापूस कोंबून बसायचं नाही कोणी."

"तोंडावर ना? मग आधी दार लाव. वारा आत येतोय आणि याचा गाल खरंच वाळलाय."

शनिवारी तो एकटाच दुकानात गेला. दुकानदारानं काल काही घडलंच नाही अशा चेहऱ्यानं खुर्ची पुढे केली. त्याचाही करवत्याला राग आला.

"तो वीस वॉटचा, दहा इंची स्पीकरचा. पण टोनचं एकच बटण असलेला द्या. तीन बटणं असली तर सांगायला तीन माणसं ठेवावी लागतील."

"एकच बटणाचा आहे. तो बघा खाली. साधा आहे, पण इमानी आहे." दुकानदारानं डबा उचलून काउंटरवर ठेवला. एका हातानं उचलता येईल एवढा, वर कातडी मूठ. "आणि साहेब, माझा एक भाऊ छापखान्यात होता. त्यानं कानाचं यंत्र घेतलं..."

"डब्याबरोबर फुकट देता का ते?"

"नाही."

"मग डबा बांधा."

लेकीनं बुधवारची कानाच्या डॉक्टरची वेळ घेऊन ठेवलीच होती. जाणार नाही असं तो तीनदा म्हणाला होता, आणि तिनं तीनदा 'बरं' म्हटलं होतं.

रविवारी तळ्याकाठी सतरा माणसं होती. सलूनवाल्यानं डबा एका स्टुलावर ठेवला, गुडघ्यावर बसून टोनचं बटण घड्याळातल्या नऊवर आणलं, खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन ऐकलं, परत येऊन जरासं मागे घेतलं. करवत्या वाजवत उभा राहिला. त्याला जे ऐकू येत होतं त्याला तो गिटार म्हणायला तयार नव्हता. कोणीतरी घोंगडीत गुंडाळून बडवल्यासारखं.

"हे राहणार?" त्यानं विचारलं.

"हेच राहणार."

पहिल्या गाण्याच्या दुसऱ्या कडव्यात त्याचा हात आपोआप खाली, बटणाकडे गेला.

"हात वर!" बाई म्हणाल्या. अकॉर्डियन न थांबवता, भात्यामागून, चाळीस वर्षं वर्गात वापरलेल्या आवाजात. पुढच्या टेबलावरच्या एका माणसानं स्वतःचा हात वर केला. सलूनवाल्यानं गाता गाता पायानं स्टूल ढकलून पलीकडे नेलं.

करवत्या दात खाऊन वाजवत राहिला. बोटं कुठे ठेवायची ते त्याला माहीत होतं, तेवढ्यावर त्यानं दोन तास काढले. कोणी उठून गेलं नाही. खिडकीजवळची एक म्हातारी डोळे मिटून बसली होती, ती झोपली असावी असं त्याला वाटलं, पण गाणं संपल्यावर तिनंच पहिली टाळी दिली. मग एका टेबलानं मधलं एक गाणं पुन्हा मागितलं, आणि तेही त्यातल्या गिटारसाठी.

सामान आवरताना कॉफीवाली आली. "आज फार छान झालं. गिटार तर काय सुंदर! पुढच्या रविवारी चारला या."

"आजच छान? काय सुंदर होतं त्यात?" करवत्या म्हणाला.

ती कप गोळा करायला वळली. सलूनवाल्यानं त्याच्या दंडाला धरून बाहेर काढलं. "चारला येतो," तो तिला म्हणाला. "तिघंही."

घरी जाताना डबा या हातातून त्या हातात घेत करवत्या धुमसत होता. टोचत होतं तेव्हा तो ऐकत होता. आता लोक ऐकत होते, आणि त्याच्या वाट्याला घोंगडी आली होती. सुंदर म्हणे. त्याच्या हातातून काहीतरी सुंदर गेलं होतं आणि ते सतरा माणसांनी वाटून घेतलं होतं, त्याला चाखायलाही मिळालं नव्हतं. याबद्दल भांडायचं कोणाशी?

बायको चार पावलं पुढे चालत होती. ती आज पहिल्यांदाच ऐकायला आली होती आणि मागच्या टेबलावर बसली होती. जिन्यात तो थांबला.

"तोंडावर बोलायचं ठरलंय. कसं होतं?"

तिनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "चौथं गाणं घाईत वाजवलंत तुम्ही. शेवटाला तर धावत सुटलात."

"घाईत? मी?"

"मग काय मी?"

"अगं, सलूनवाला ओढत होता ते गाणं! रबर ताणल्यासारखं! कोणीतरी पुढे न्यायला नको? घाईत म्हणे! तुला ताल कळतो का?"

"ताल कळत नाही. घाई कळते. तीस वर्षं बघतेय."

"आणि तिसरं? तिसऱ्यातही घाई होती का?"

"तिसरं बरं होतं."

"बरं! नुसतं बरं!"

"मग काय ओवाळू? तिसरं बरं होतं, चौथं घाईत होतं, पहिल्यात एक स्वर चुकलात, तो मलाही कळला."

स्वर चुकला होता. त्याच्या बोटाला तेव्हाच कळलं होतं, पण गेली दोन वर्षं असल्या चुका पकडायला कोणी जागेवरच नव्हतं. वरचे दोन जिने तो चौथ्या गाण्याबद्दल तावातावानं बोलत चढला. सलूनवाला कुठे अडखळला, बाईंनी भाता कुठे उशिरा ओढला, आणि पुढच्या रविवारी ते गाणं मुळात कोण सुरू करणार. ती हुं हुं करत कुलूप काढत होती.

"ते ठरवा नंतर," ती आत जाऊन म्हणाली. "सिंकमधलं पाणी सकाळपासून उतरत नाही. भांडी तशीच पडलीत."

"परवाच तर साफ केलं मी."

"परवा तुम्ही घाईत केलंत."

त्यानं डबा कोपऱ्यात ठेवला, शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि शिव्या घालत ओट्याखाली शिरला. पान्हा हाताला लागेना. तो मिळाला तेव्हा बादली नव्हती. बादली आली, मग त्यानं पाइपाच्या खालच्या, गाळ साठणाऱ्या वाटीला पान्हा लावला, पोटाशी गुडघे घेऊन जोर केला, आणि वाटी अर्धा फेरा सैल झाली.